मधु आणि प्रपात

महाभारताच्या उद्योगपर्वात विदुराने धृतराष्ट्रास सांगितलेली एक छोटी कथा आहे. पांडवांस त्यांचा भाग द्यावा की न द्यावा ह्याचा खल कौरवसभेत चालू असता विदुरास आपला एक जुना प्रवास आठवतो. किरातांच्या आणि मंत्रौषधींच्या गोष्टींत रमणाऱ्या काही ब्राह्मणांच्या सोबतीने तो एकदा उत्तरेकडील पर्वतावर, गंधमादनावर, गेला होता. तेथे एका दुर्गम कड्याच्या पोटात घागरीएवढा पिवळ्या मधाचा साठा सर्वांच्या दृष्टीस पडला. विषारी सर्प त्याची राखण करीत होते. तो कुबेराचा आवडता मध होता. त्याच्या प्राशनाने मर्त्य अमर होतो, अंधास दृष्टी येते, वृद्ध तरुण होतो, असे सोबतचे ब्राह्मण सांगत होते. किरातांस त्याचा मोह पडला, आणि त्या सर्पांनी भरलेल्या दरीत ते सगळे नाश पावले. दुर्योधनाचेही तसेच होणार आहे, असे विदुर बजावतो. त्याची दृष्टी भोगावर खिळली आहे, आणि त्या भोगाच्या पायथ्याशी जी दरी आहे तिचा त्याला पत्ता नाही.

विदुराच्या तोंडी मधाची आणखी एक कथा आहे. ती स्त्रीपर्वात येते: विहिरीत उलटा लोंबकळणारा मनुष्य, खाली सर्प, वर हत्ती, मुळे कुरतडणारे उंदीर, आणि तशाही स्थितीत तोंडात पडणारे मधाचे थेंब. कीर्तनकारांनी ही दुसरी कथा घरोघर पोचविली आणि पहिली मागे पडली. आम्हांस मात्र पहिलीचे मोल अधिक वाटते. विहिरीतील मनुष्य हे केवळ रूपक आहे, तो कोठेही आणि कधीही लोंबकळू शकतो. गंधमादनावरील कथेस स्थळ आहे, लोक आहेत, मधाचा रंग आहे. ती रचणाऱ्याने, किंवा ज्याच्याकडून ती त्याच्यापर्यंत आली त्याने, हिमालयातील डोंगरी लोकांना कड्यावरचा मध काढताना पाहिले असावे, असे मानावयास जागा आहे.

परंतु ती पाहिली आहे ती दुरून. किरातांस ह्या कथेत तोंड उघडावयास वाव नाही; ते केवळ मोह पडण्याकरिता आणि मरण्याकरिता आले आहेत. ज्याचे आयुष्य कड्यावर दोर सोडण्यात गेले त्यालाच कडा दिसत नाही असे म्हणणे नीतिकथेत खपून जाते, पण प्रत्यक्षात ते उफराटे आहे. प्रस्तुत लेखात आम्हांस इतकेच पाहावयाचे आहे, की नेपाळातील गुरुंग लोक कड्यावरचा मध कसा काढतात, तो काढण्याचा हक्क कोणाचा समजला जाई आणि आज कोणाचा समजला जातो, आणि विदुराचा ठपका खरोखर कोणाच्या माथी बसावा. ह्यांतील काही भाग आम्ही प्रत्यक्ष पाहिला आहे. उरलेला इतरांच्या लिखाणावरून घेतला आहे.

एक खुलासा प्रारंभीच केलेला बरा. किरात हे नाव संस्कृत ग्रंथकार हिमालयातील अनेक डोंगरी लोकांस सरसकट लावीत. आज नेपाळात राई, लिंबू, याख्खा, सुनुवार हे लोक आपणांस किरात म्हणवितात; गुरुंग सामान्यतः तसे म्हणवीत नाहीत. तेव्हा विदुराचे किरात तेच आजचे गुरुंग, असे समीकरण आम्ही मांडीत नाही. धंदा एक आहे आणि पर्वत एक आहे, इतकेच.

आता त्या माशीविषयी. आपल्याकडे किल्ल्यांच्या तटांवर, लेण्यांच्या छतांस आणि उंच झाडांच्या फांद्यांस जे आग्यामोहोळ लागते ते बहुतेक वाचकांनी पाहिले असेल, आणि त्याच्या वाटेस न जाण्याचे शहाणपणही त्यांस असेल. हिमालयातील कड्यावरची माशी ही ह्या आग्यामाशीची थोरली बहीण होय. नेपाळी भाषेत तिला 'भीरमौरी' म्हणतात. भीर म्हणजे कडा, मौरी म्हणजे मधमाशी. मधास नेपाळीत 'मह' असा शब्द आहे. त्याचा मूळपुरुष आणि आपल्या मोहोळाचा मूळपुरुष एकच, संस्कृत मधु. फ्रेडरिक स्मिथ नावाच्या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८७१ साली तिचे वर्णन करून तिला 'एपिस लॅबोरिओसा', म्हणजे कष्टाळू माशी, असे नाव दिले. पुढे शंभर वर्षे ती आग्यामाशीचाच एक डोंगरी प्रकार म्हणून दुर्लक्षित राहिली. १९८० साली साकागामी, मात्सुमुरा व इतो ह्या तीन जपानी अभ्यासकांनी जगातील सर्वांत मोठी मधमाशी म्हणून तिच्याकडे पुन्हा लक्ष वेधले. ती तीन सेंटिमीटरपर्यंत लांब असते. अडीच-तीन हजार मीटर उंचीपर्यंतच्या कड्यांवर, बहुधा सूर्याकडे तोंड असलेल्या आणि वरून खडकाची छपरी पुढे आलेल्या जागी, तिचे एकच मोठे उघडे पोळे अर्धचंद्रासारखे लोंबते. एकेका कड्यावर अशी पोळी पाच-दहाही असतात आणि कधी पन्नासांवरही जातात. एका मोठ्या पोळ्यात साठ किलोपर्यंत मध निघू शकतो. थंडी पडू लागली की माशी कडा सोडून खालच्या रानात उतरते, आणि पोळे न बांधता नुसता घोळका करून हिवाळा काढते. वसंतात ती पुन्हा आपल्या जुन्या कड्यावर येते.

आपल्या वैद्यकग्रंथांस ही माशी ठाऊक होती की काय? भावमिश्राने सोळाव्या शतकात रचलेल्या भावप्रकाशात मधाच्या आठ जाती सांगितल्या आहेत. त्यांतील छात्र नावाच्या मधाविषयी तो म्हणतो, की हिमालयाच्या वनांत पिंगट-पिवळ्या माश्या छत्रीच्या आकाराचे पोळे करतात, त्यातून हा मध निघतो. छत्रीच्या आकाराचे उघडे पोळे आणि हिमालय ही दोन्ही लक्षणे भीरमौरीस लागू पडतात. रंगाविषयी मात्र शंका राहते, कारण ही माशी दुरून काळीच दिसते. सुश्रुताने पौत्तिक मधाविषयी जे म्हटले आहे ते अधिक विचार करावयास लावते. तो मध रूक्ष व उष्ण असतो, आणि त्याचे कारण त्याचा विषाशी आलेला संबंध, असे सुश्रुत सांगतो. मधात विष उतरू शकते, ही गोष्ट प्राचीनांस ठाऊक होती ह्यात संशय नाही.

हे विष हिमालयात कोठून येते हे आता नीट कळले आहे. चैत्र-वैशाखात नेपाळच्या डोंगरांवर लालीगुरांस फुलतो. ते नेपाळचे राष्ट्रीय पुष्प आहे, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ त्या कुळास ऱ्होडोडेंड्रॉन म्हणतात. त्या कुळातील कित्येक जातींच्या मकरंदात ग्रेयानोटॉक्सिन नावाचे द्रव्य असते. माशीस त्याची बाधा होत नाही. मनुष्याने तो मध चमचाभर खाल्ला तर अंगास मुंग्या येतात, डोके हलके होते. अधिक खाल्ला तर ओकाऱ्या, चक्कर, नाडी मंद होणे, रक्तदाब उतरणे, आणि बेशुद्धीही. बहुतेकांस दिवसभरात बरे वाटते. शरद ऋतूत काढलेल्या मधास हा गुण नसतो, कारण तेव्हा गुरांस फुललेला नसतो.

ह्या वेड्या मधाची सर्वांत प्रसिद्ध हकीकत काळ्या समुद्राच्या काठची आहे. ग्रीक सेनानी झेनोफन ख्रिस्तपूर्व ४०१ साली आरंभ झालेल्या आपल्या दहा हजारांच्या परतीच्या वाटचालीत ट्रॅपेझसच्या परिसरात आला असता त्याच्या सैनिकांनी तेथील पोळी फस्त केली. थोडा मध खाल्लेले झिंगल्यासारखे झाले, पुष्कळ खाल्लेले वेड्यासारखे. रणांगणात पराभव झाल्याप्रमाणे ते जमिनीवर पसरले होते. मेला मात्र कोणी नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळे उठले. पुढे ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात त्याच प्रदेशातील लोकांनी पाँपीच्या सैन्याच्या वाटेवर असल्याच मधाची भांडी मुद्दाम ठेवून तीन तुकड्या कापून काढल्या, असे स्ट्रेबो लिहितो. सुंदरकांडातील मधुवनात सीतेची वार्ता घेऊन परतलेल्या वानरांनी जो गोंधळ घातला तोही येथे आठवल्यावाचून राहत नाही; परंतु त्या मधात गुरांस होता की केवळ विजयाचा आनंद, हे दधिमुखच जाणे! हिमालयाची आणि काळ्या समुद्राची ही गाठ प्रथम घातली ती, आम्हांस माहीत आहे त्याप्रमाणे, जोसेफ हूकर ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने. १८४८ पासून त्याने सिक्कीम व पूर्व नेपाळात जो प्रवास केला त्याचा वृत्तांत १८५४ साली प्रसिद्ध झाला. कड्यांवर लोंबणारी पोळी त्यात आली आहेत, वसंतातील मध गुरांसाने विषारी होतो ही लोकांची समजूतही आली आहे, आणि तेथेच त्याने दहा हजारांच्या सैन्याची आठवण काढली आहे.

कड्यावरचा मध काढण्याची चित्रे तर ह्याहून पुष्कळ जुनी आहेत. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाच्या बाजूस बिकोर्प येथील एका गुहेत सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचे मानले जाणारे एक चित्र आहे: दोरांवर चढलेली आकृती, हातात टोपली, भोवती माश्या. आपल्याकडे पचमढीच्या डोंगरांतील शैलाश्रयांतही शिडीवर चढून मध काढणारी माणसे रंगविलेली आहेत. मधाच्या इतिहासाचा जन्मभर अभ्यास केलेल्या इव्हा क्रेन ह्या विदुषीने आपल्या १९९९ सालच्या बृहद्ग्रंथात ही सामग्री एकत्र केली आहे. असली चित्रे पाहून कित्येक लेखक लगेच म्हणतात, की गुरुंगांची शिकार हा अश्मयुगाचा जिवंत अवशेष होय. हे आम्हांस मान्य नाही. कडा तोच, माशी तीच, मग उपायही तोच निघावा ह्यात नवल ते काय? आपला नांगर मोहेंजोदडोच्या काळचा दिसतो म्हणून आपला शेतकरी कोणी त्या काळचा ठरवीत नाही.

गुरुंगांचा इतिहास तर चांगला घडामोडींचा आहे. ते आपणांस 'तमु' म्हणवितात. त्यांची भाषा तिबेटी-ब्रह्मी कुळातील आहे, आणि आपले पूर्वज उत्तरेकडून हिमालय ओलांडून आले असे त्यांच्या पुरोहितांची परंपरा सांगते. अन्नपूर्णा आणि लमजुंग ह्या हिमशिखरांच्या दक्षिण उतारावर, कास्की, लमजुंग, गोरखा ह्या भागांत त्यांची दगडी घरांची दाट गावे आहेत. ते मेंढपाळ, शिकारी आणि पुढे डोंगरउतारावरचे शेतकरी. अठराव्या शतकाच्या अखेरीस गोरख्यांच्या राज्याने कास्की आणि लमजुंग ही छोटी राज्ये गिळली, आणि गुरुंग त्या राज्याचे सैनिक झाले. १८१४ ते १८१६ च्या युद्धात इंग्रजांनी त्यांचा पराक्रम पाहिला आणि १८१५ पासून त्यांस आपल्या पलटणींत घेण्यास प्रारंभ केला. परदेशच्या पलटणीत गेलेल्या मनुष्यास नेपाळात आजही 'लाहुरे' म्हणतात. रणजितसिंगाच्या लाहोरास जाणाऱ्यांवरून तो शब्द पडला. १९४७ साली दहा गोरखा पलटणींपैकी सहा भारताकडे आणि चार ब्रिटनकडे गेल्या. गुरुंगांविषयी जे लिहिले गेले त्यातील फार मोठा भाग असा पलटणीच्या खिडकीतून लिहिलेला आहे. राणा घराण्याची सत्ता १९५१ साली जाईपर्यंत परकीयांस नेपाळच्या अंतर्भागात प्रवेश जवळजवळ नव्हताच. बर्नार पिन्येद हा तरुण फ्रेंच मानवशास्त्रज्ञ १९५८ साली त्यांच्या एका गावात जाऊन राहिला, तेव्हा कोठे त्यांच्या घरच्या जीवनाचा पहिला सविस्तर अभ्यास झाला. तो बिचारा १९६१ सालीच वारला, आणि त्याचा ग्रंथ १९६६ साली त्याच्या पश्चात निघाला. मधाच्या शिकारीवर स्वतंत्र लेख यावयास १९८२ साल उजाडले. तो सायमन स्ट्रिकलंड ह्याने मधमाश्यांविषयीच्या एका इंग्रजी नियतकालिकात लिहिला.

आम्ही जी शिकार पाहिली ती लमजुंग जिल्ह्यातील एका गावाची, वैशाखातली. गावाचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही. त्याचे कारण पुढे ओघाने येईल. भारतीय सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमचे दुभाषी होते. दिवस आमच्याकरिता ठरविलेला नव्हता. गुरुंगांचा परंपरागत पुरोहित, ज्यास ते पच्यू म्हणतात, त्याने तो पाहून दिला होता. आम्हांस दोन दिवस थांबावे लागले आणि ते योग्यच झाले.

पहाटे बारा-तेरा माणसे निघाली. सर्वांत अवजड ओझे शिडीचे. ती बांबूच्या चोयांच्या दोरांची, मधे लाकडी पायऱ्या बांधलेली, गुंडाळून तीन गड्यांनी वाहावी इतकी लांब. तिच्यामागे बांबूचे लांब दांडे, ज्यांस ते 'टांगो' म्हणतात, दोरांची वेटोळी, टोपल्या आणि एक कोंबडा. कड्याच्या पायथ्याशी, जेथून पोळी दिसतात अशा जागी, पच्यूने तांदूळ, फुले आणि धूप मांडून कड्याच्या देवतेस कोंबडा दिला. आम्हांस ह्या पूजेत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी वाटली. तिच्यात मागणे फार थोडे होते. दुभाष्याने सांगितल्याप्रमाणे, आम्ही तुझ्या घरी येत आहो, रागावू नकोस, आमची माणसे आम्हांस परत दे, इतकाच तिचा आशय. मध पुष्कळ मिळो, असे तिच्यात कोठे नव्हते.

मग माणसे दोन फळ्यांत विभागली. एक फळी मागच्या रानातून वळसा घालून कड्याच्या माथ्यावर गेली, आणि एका जुन्या झाडाच्या बुंध्यास शिडी बांधून ती त्यांनी खाली सोडली. माथ्यावरच्यांस खालचे काही दिसत नाही. खालच्यांचा आवाज नदीच्या घोषात वर पोचत नाही. म्हणून बाजूच्या एका खांद्यावर एक मनुष्य केवळ आरोळ्या इकडून तिकडे पोचविण्याकरिता बसविला होता. दुसऱ्या फळीने पायथ्याशी ओला पाला घालून जाळ केला. पांढरा दाट धूर खडकाला घासत वर चढू लागला. तोपर्यंत पोळ्यांवरून एक विलक्षण चकाकी धावताना दिसत होती: हजारो माश्या एकीमागून एक आपला मागचा भाग उचलीत, आणि पोळ्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पाण्यावर उठावी तशी लाट जाई. धूर पोचताच ती लाट मोडली. काळे पांघरूण ओढून काढावे तशा माश्या उठल्या, आणि खालचे पोळे, मेणाचे, फिकट, उघडे पडले. त्यांचा आवाज आम्ही अर्ध्या फर्लांगावर बसलो होतो तेथे छातीत जाणवत होता.

मग म्हातारा उतरला. त्याचे वय साठीच्या पुढचे. सगळे त्याला नुसते 'बा' म्हणत. पाय अनवाणी. अंगावर जाड घोंगडीचे आवरण, तोंडावर एक फडके, कमरेस निराळा दोर. शिडी कड्याच्या छपरीवरून सरळ खाली लोंबते आणि पोळी छपरीच्या आत असतात, ही ह्या कामातील खरी अडचण आहे. खालची माणसे एका दोराने शिडी आत ओढून धरतात. ते ओढणे कमी पडले तर हात पोचत नाही, अधिक झाले तर मनुष्य खडकावर आपटतो. अशा स्थितीत, एका मांडीत शिडी अडकवून, त्याने दोन-तीन माणसांच्या उंचीएवढा दांडा हातात घेतला.

पोळ्याची रचना त्याच्या कामाचा क्रम ठरविते. मध वरच्या बाजूस, खडकास चिकटलेल्या जाड भागात असतो. अंडी आणि अळ्या खालच्या रुंद पाळीत. म्हणून प्रथम टोकास पाते बांधलेल्या दांड्याने त्याने खालची पाळ कापून सोडून दिली. ती फिरत फिरत दरीत गेली, आणि खालच्या दोघांनी मेणाकरिता ती उचलली. नंतर दोरास बांधलेली एक लाकडी खुंटी त्याने दांड्याने मधाच्या भागात आरपार खुपसली. तो दोर वरच्या माणसांच्या हाती होता. मग चामड्याचे अस्तर लावलेली टोपली दुसऱ्या दोराने खडकाशी आणून, पोळे कापून सोडले, ते खुंटीवर तोलले गेले, आणि टोपलीत उतरले. हे सांगावयास जितका वेळ लागतो त्याच्या वीसपट वेळ ते करावयास लागला. मधे दोनदा वारा फिरला आणि धूर बाजूस गेला. दोन्ही वेळा म्हातारा दांडा आडवा धरून, मान खाली घालून, हालचाल न करता माश्या अंगावर घेत राहिला. तो ओरडला नाही. दुभाष्यास आम्ही विचारले, तेव्हा तो म्हणाला, बोंब मारली तर वरचे शिडी ओढतील, आणि ओढलेल्या शिडीवरून माणूस पडतो.

विदुराची कथा आम्हांस आठवली ती त्या क्षणी. ह्या मनुष्याच्या दृष्टीस कडा नाही? पहाटेपासून त्या बारा-तेरा माणसांचे सगळे बोलणे कड्याविषयी होते: कोणती कपार ओली आहे, कोणत्या झाडाची मुळे सुटली आहेत, वारा किती वाजता फिरतो. मधाविषयी कोणी अवाक्षर काढले नव्हते.

दुपार कलेपर्यंत सहा-सात पोळी निघाली. डावीकडच्या तीन पोळ्यांस म्हाताऱ्याने हात लावला नाही. आम्ही कारण विचारले, तेव्हा तेथे धूर चढत नाही, असे तो म्हणाला. शिडी ओढणाऱ्यांतील एका तरुणाने ती देवाची आहेत असे सांगितले. धूर तिकडे चांगला चढताना आम्ही सकाळी पाहिला होता. परंतु आम्ही काही बोललो नाही.

गावात परतल्यावर मोठ्या तपेल्यांत मध गाळला गेला. तो तांबूस आणि पातळ होता. आम्हांस एक चमचा मिळाला, आणि दुसरा मागितला असता दुभाष्याने हसून नकार दिला. चवीस आरंभी गोड, मागाहून घशाशी किंचित जळजळ; पाऊण घटकेने ओठ बधिर झाले आणि अंगणातील दगड थोडे दूर गेल्यासारखे वाटले. वाटणी माना आणि पाथी ह्या जुन्या मापांनी झाली. म्हाताऱ्यास अधिक, शिडीवाल्यांस सारखा, पच्यूस त्याचा, आणि ज्या घरांतून कोणी आले नव्हते त्यांसही थोडा थोडा. मेण निराळे उकळून, कापडातून पिळून ठेवले. ह्या मेणाचा इतिहास मधाइतकाच मोठा आहे. काठमांडूच्या खोऱ्यातील पाटणचे ओतारी शेकडो वर्षे बुद्धाच्या आणि तारेच्या मूर्ती मेणावर घडवीत आले आहेत. मूर्ती प्रथम मेणात कोरावयाची, तिच्यावर मातीचा लेप द्यावयाचा, तो तापवून मेण वितळवून काढावयाचे, आणि त्याच्या जागी तांबे ओतावयाचे. त्या कामास कड्यावरच्या माशीचे मेण वापरीत आले आहेत. युरोप-अमेरिकेच्या संग्रहालयांत मांडलेल्या नेपाळी मूर्तींपैकी कितींच्या बोटांचे वळण प्रथम अशा मेणात उमटले असेल!

आता हक्काचा प्रश्न. पूर्वी कड्यावर गावाची वहिवाट असे. कोणता कडा कोणत्या गावाचा हे सर्वांस ठाऊक असे, आणि काढणारे, शिडी विणणारे, पूजा करणारे ह्यांचे वाटे ठरलेले असत. १९५७ साली नेपाळ सरकारने खाजगी वने राष्ट्राच्या मालकीची केली. कागदावर वन सरकारचे झाले, आणि वनाबरोबर कडाही. १९९३ च्या वनकायद्याने गावकऱ्यांच्या समित्यांकडे वने सोपविण्याची वाट मोकळी झाली, आणि त्याआधी १९८६ साली अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राची योजना सुरू झाली होती. त्या क्षेत्राचा विस्तार ७६२९ चौरस किलोमीटर आहे आणि गुरुंगांची पुष्कळ गावे त्यात येतात. ह्या व्यवस्था वाईट आहेत असे आमचे म्हणणे नाही. काही ठिकाणी त्यांनी कडे वाचविले आहेत. परंतु वहिवाटीचा हक्क एकदा कागदाचा झाला की तो विकता येतो, ही गोष्ट आपल्याकडील जंगलांच्या इतिहासावरूनही वाचकांस नवी नाही. कित्येक ठिकाणी कड्यांचा मध ठेक्याने देण्यात येऊ लागला. ठेकेदारास त्या वर्षीचा मध हवा असतो. पुढील वर्षी ठेका दुसऱ्याचा. तो रोजंदारीने माणसे आणतो आणि कडा धुऊन काढतो. आणि वसंतातील तांबड्या मधास जपान, कोरिया इत्यादी देशांत औषधी म्हणून जो भाव येतो, आणि अलीकडे वेडा मध म्हणून नशेच्या कुतूहलाने जगभर जो मागितला जातो, त्यापुढे गावच्या माना-पाथीचा हिशेब टिकत नाही. माश्या कमी होत आहेत, अशी तक्रार जाणती माणसे सर्वत्र करतात. कड्याजवळून गेलेले रस्ते, कीटकनाशके, तुटलेले रान आणि नदीवरील वीजप्रकल्प अशी तिची निरनिराळी कारणे सांगितली जातात. सगळी पोळी एकाच वेळी खरवडणे हे त्यांपैकी एक आहे, ह्याबद्दल आम्हांस शंका नाही.

पाहुण्यांनीही आपला हातभार लावला आहे. एरिक व्हॅली ह्या फ्रेंच छायाचित्रकाराने डायान समर्स हिच्यासह मणिलाल नावाच्या वृद्ध गुरुंग शिकाऱ्याची जी चित्रे घेतली, ती १९८८ साली ग्रंथरूपाने आणि एका विख्यात अमेरिकन मासिकात प्रसिद्ध झाली. ती उत्तम चित्रे आहेत. त्यांतील मनुष्याबद्दलचा आदर स्पष्ट दिसतो. परंतु त्यांच्यानंतर 'शेवटचा मधाचा शिकारी' हा एक ठरीव विषय होऊन बसला. २०१७ साली पूर्व नेपाळातील कुलुंग राई जमातीच्या मौली धन ह्या शिकाऱ्यावर जो चित्रपट निघाला त्याचे नावच तसे आहे. मौली धनास ह्या धंद्यात येण्यापूर्वी तसे स्वप्न पडले होते, आणि तसे स्वप्न दुसऱ्या कोणास न पडल्याने वारस नाही, ही हकीकत हृद्य आहे आणि ती खरी नसावी असे मानण्याचे कारण नाही. तथापि दर पिढीस एक शेवटचा शिकारी सापडतो, ह्यात शिकाऱ्यापेक्षा पाहणाऱ्याचीच गरज अधिक दिसते. शेवटचा म्हटला की चित्रास भाव येतो. आता पाहुण्यांच्या सोयीने, हंगाम नसता, ठरवून शिकारी दाखविल्या जातात. पैसा घेतलेल्या गावाने कोंबडा द्यावा की न द्यावा ह्यावरही घासाघीस होते असे आम्ही ऐकले. आम्ही पाहिलेल्या गावाचे नाव न देण्याचे कारण हे आहे.

त्या गावात म्हाताऱ्याच्या मागे कोण? त्याचा एक मुलगा कतारमध्ये आहे, दुसरा पोखऱ्यास गाडी चालवितो. शिडी ओढणाऱ्या तरुणांपैकी एकजण कोरियन भाषेच्या परीक्षेची तयारी करीत होता. ती पास झाली की तिकडच्या कारखान्यात काम मिळते. त्याला त्याबद्दल खंत नव्हती, आणि आम्हीही त्याच्यावर ती लादावी असे आम्हांस वाटले नाही. त्याचे आजोबा आणि पणजोबा लाहुरेच होते. घर सोडून पोट भरणे हीही गुरुंगांची दोनशे वर्षांची परंपराच आहे, आणि तिची छायाचित्रे कोणी काढीत नाही.

त्या दिवशी सायंकाळी वाटणी चालू असता एक व्यापारी आला होता. त्याच्यासोबत दोन गडी आणि पाठीवर पत्र्याचे रिकामे डबे. तो कड्याच्या बाजूनेच वर आला होता आणि डावीकडची तीन पोळी त्याने पाहून ठेवली होती. उद्या पुन्हा शिडी लावावी, त्या तीन पोळ्यांचा भाव आपण आजच्या दीडपट देऊ, असे तो म्हणाला, आणि खिशातून नोटा काढून त्याने त्या ओट्यावर ठेवल्या. कोरियास जाऊ पाहणाऱ्या तरुणाने नोटांकडे पाहिले, पच्यूने म्हाताऱ्याकडे. म्हातारा सुजलेल्या बोटांना तेल चोळीत बसला होता. तेथे धूर चढत नाही, असे तो मान वर न करता म्हणाला. व्यापाऱ्याने एकवार पुन्हा भाव वाढविला, आणि पुन्हा तेच उत्तर मिळाले. मग त्याने नोटा मोजून परत खिशात घातल्या, वाटणीतून जो मध विकाऊ होता तेवढा डब्यांत भरून घेतला, आणि अंधार पडण्यापूर्वी खाली उतरावयाचे म्हणून चहाही न घेता तो निघाला. त्याचे गडी पुढे गेले. अर्धे डबे रिकामेच असल्याने वळणापर्यंत त्यांचा आवाज येत होता. शिडी त्याच रात्री गुंडाळून म्हाताऱ्याच्या घरी चुलीवरच्या माळ्यावर, धुरात, टांगली गेली.